भिंतीकडची चार बोटं

खोली चौकोनी असते असं जगात दोघांनाच वाटतं, शाळेतल्या मास्तरांना आणि गिऱ्हाइकांना. आम्ही फरशी बसवणारे. मी इतक्या वर्षांत काटकोनातली खोली पाहिलेली नाही. एक भिंत पोट पुढे काढून उभी असते, दुसरी मागे झुकलेली असते, आणि गिऱ्हाईक दारात उभं राहून म्हणतं, "एकदम सरळ रेषेत बसवा हं." आम्ही हो म्हणतो.

सरळ दिसावं म्हणून काय करायचं ते मला दादानं कामावरच्या पहिल्याच दिवशी शिकवलं. दारातून आत शिरताना जे नजरेत भरतं तिथं अख्ख्या फरश्या घ्यायच्या, ताणलेल्या दोरीला लावून. खोली वाकडी असतेच, म्हणजे चूक असतेच. ती प्रत्येक ओळीत थोडी थोडी पुढे ढकलत समोरच्या भिंतीपर्यंत न्यायची. तिथं कापलेले तुकडे बसतात. वर कपाट येतं, पलंग येतो, आणि कोणी कधी पोटावर झोपून बघत नाही. दादा म्हणायचा, "धाकट्या, चूक भिंतीकडे ढकलता आली की निम्मा मिस्तरी झालास." मी निम्म्यावरच राहिलो. कटर मी चालवायचो, फरशी तो बसवायचा. फरशी केसभर जाड की पातळ हे त्याला तळहाताला कळायचं. बसवलेल्या फरशीवर थापीची मूठ वाजवत तो खोलीभर गुडघ्यांवर फिरायचा आणि कुठं पोकळ वाजलं की थांबायचा. मग त्या फरशीची धडगत नसे, आणि माझीही.

नाकावर माशी बसू न देणारा माणूस. पण गुडघे मात्र त्यानं वाऱ्यावर सोडले होते.

फरशीवाल्याचं सगळं आयुष्य गुडघ्यांवर. दादाच्या दोन्ही गुडघ्यांना घट्टे पडलेले, डाव्याला जास्त, कारण वजन डाव्यावर टाकून उजव्या हातानं थापी चालवायची त्याची सवय. गुडघ्याला बांधायच्या गाद्या मिळतात. मी एकदा आणल्या होत्या. "झोपायला आलोय का मी इथं?" म्हणाला, आणि पुढची दोन वर्षं त्या गाद्यांवर आमचा चहाचा थर्मास ठेवलेला असायचा. गुडघा सुजायचा, वहिनी गरम पाण्याची पिशवी द्यायची, सकाळी सूज थोडी उतरायची, दादा कामावर यायचा. संध्याकाळी उठताना तो माझा खांदा धरायचा. त्याला आधार म्हणायचं नाही, असं आमच्यात न बोलता ठरलेलं होतं. मी नेमका त्याच वेळी काहीतरी उचलायला त्याच्या शेजारी वाकायचो.

मग एके दिवशी जिन्यात फरशांचं खोकं खांद्यावर असताना त्याचा पाय चुकला. डावा गुडघा पायरीच्या धारेवर आपटला आणि वरून खोक्याचं वजन आलं. गुडघ्याची वाटी फुटली. तो आवाज मी खालच्या मजल्यावर ऐकला आणि मला वाटलं फरशी फुटली. मी वरती ओरडलोसुद्धा, "किती गेल्या?" या प्रश्नाची मला अजून लाज वाटते.

ऑपरेशन झालं, वाटीत तार घातली, सहा आठवडे पाय पट्ट्यात सरळ बांधून ठेवला. पट्टा काढला तेव्हा तो पाय दादाचा वाटत नव्हता. मांडी हडकलेली, पोटरी लोंबणारी, आणि गुडघा लाकडाचा. वाकवायला जावं तर थोडासा वाकायचा आणि थांबायचा. मोठ्या दवाखान्यातून आम्हाला व्यायामाच्या बाईंकडे पाठवलं.

बाईंचा दवाखाना म्हणजे तळमजल्यावरची एक लांबट खोली. दोन खाटा, एक सायकल जी कुठंच जात नाही, दोऱ्या, वाळूची वजनं, आणि बाहेर बाकावर नेहमी दहाबारा माणसं. बाई तिशीतल्या, अंगानं किरकोळ, पण हात लोहाराचे. त्यांनी पहिल्या दिवशी प्लॅस्टिकच्या कोनमापकानं दादाचा गुडघा मोजला. बावन्न अंश.

"काका, काम काय करता?"

"फरशी बसवतो."

बाईंचा चेहरा जरा पडला. त्या म्हणाल्या, "मग नीट ऐका. आजपासून बारा आठवडे आपल्या हातात आहेत. आत जखमेचे पापुद्रे धरलेत. ते अजून ओले आहेत, तोवर ताणले जातात. एकदा घट्ट झाले की मग मी नाही आणि तुम्ही नाही. चालता येईल, पण उकिडवं बसणं, गुडघ्यावर येणं विसरा."

"आणि बारा आठवड्यांत वाकला तर?"

"पूर्ण वाकला, ताकद आली, तर गादी बांधून थोडा थोडा वेळ बसून बघू. बघू म्हणतेय मी. वचन देत नाही."

"म्हणजे माल ओला आहे तोवर," दादा म्हणाला.

"काय?"

"काही नाही. कळलं."

दुसऱ्या कोणाला कळलं नसतं इतकं त्याला कळलं होतं. सिमेंटचा माल कधी ओला, कधी आवळतो, कधी त्याला हात लावायचा नाही हे त्याच्याइतकं कोणाला माहीत? म्हणूनच पुढं त्यानं जे केलं ते मला आजही पचत नाही.

गुडघा वाकवण्याची रीत अशी होती. खोलीच्या एका भिंतीला लागून एक लांब बुटका ओटा, वर गुळगुळीत पत्रा, त्यावर पावडर टाकलेली. रोग्यानं भिंतीला पाठ टेकून पाय लांब करून बसायचं. तळपायाखालून टॉवेल घालून त्याची दोन्ही टोकं हातात धरायची आणि टाच स्वतःकडे ओढायची. ओट्याच्या कडेला शिंप्याची टेप चिकटवलेली. टाच कुठून निघाली, कुठं पोचली, मधलं अंतर मोजायचं आणि कार्डावर लिहायचं. कोनमापक बाई दीड महिन्यानं एकदा काढायच्या, रोजचा हिशोब टेपेवर. गर्दीच तेवढी होती.

पहिल्या दिवशी दादाची टाच नऊ सेंटिमीटर आली.

टेपेवर आकडा कालच्यापेक्षा वाढला, की बाई "छान" म्हणून पुढच्या माणसाकडे जायच्या. वाढला नाही, की मग त्या हात लावायच्या. दादाला पालथं झोपवून, एक हात मांडीवर, दुसरा घोट्यावर, आणि पाय मागे दुमडत न्यायच्या. मी दादाचे खांदे धरायचो. माझं कामच ते होतं, स्कूटरवरून आणायचं, खांदे धरायचे, परत न्यायचं. दादा ओरडायचा नाही. तो दात असे आवळायचा की मला त्यांचा आवाज यायचा. दुसऱ्या आठवड्यात एकदा त्यानं खाटेच्या चादरीत तोंड खुपसलं आणि तो रडला. छप्पन्न वर्षांचा माणूस, ज्यानं मला वाढवलं. मी त्याचे खांदे दाबून धरले होते आणि ते थरथरताना मला हाताला कळत होते. मी भिंतीकडे बघत बसलो. त्या भिंतीचा गिलावा वाईट होता.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "वहिनीला सांगू नकोस."

"काय सांगणार? तुझे दात चांगले आहेत म्हणून?"

तो हसला नाही.

सहाव्या आठवड्यापर्यंत टाच साडेचौदावर आली. कोनमापकावर सहासष्ट. पायऱ्या एक एक चढता येत होत्या, खुर्चीतून उठता येत होतं. घरी वहिनी त्याला सकाळ, दुपार, संध्याकाळ जमिनीवर बसवून टॉवेल ओढायला लावायची आणि स्वतः समोर भाजी निवडत बसायची, पहाऱ्यावर असल्यासारखी. "अजून पाच वेळा," म्हणायची. दादा म्हणायचा, "तू काय बाईंची बहीण आहेस?" पण घरचे व्यायाम त्यानं कधी चुकवले नाहीत, हे मला सांगितलंच पाहिजे. तो आळशी नव्हता. तो घाबरलेला होता. बाईंच्या हातांना.

मी त्या दिवसांत एकटाच छोटी कामं घ्यायचो. न्हाणीघर, गॅलरी, जिन्याच्या पायऱ्या. मोठ्या खोलीत मला ओळ धरता येत नाही. दादा नसला की माझी दोरी सरळ असते आणि फरशी तिरकी जाते, असं काय होतं देव जाणे. त्याच सुमारास ठेकेदार घरी आला. एका वाचनालयाचा हॉल व्हायचा होता, खांब नसलेला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोकळा. मोठ्या फरश्या, बारीक सांधे, आणि कपाटं सगळी चाकांवरची. म्हणजे चूक लपवायला भिंतसुद्धा नाही.

ठेकेदार म्हणाला, "मिस्तरी, असला हॉल तुमच्याशिवाय कोणाला देऊ? पण मी दीड महिना थांबेन, दोन नाही. दुसरी जोडी दारात उभी आहे." जाताना त्यानं मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "खरं सांग, उठेल का हा?" मी म्हटलं, उठेल. मला दुसरं काय म्हणता आलं असतं? दादा उठला नाही तर मी आयुष्यभर न्हाणीघरं करणार होतो.

सातव्या आठवड्यात एकदा स्कूटर लावून मी जरा उशिरा आत गेलो. कुठल्याही खोलीत शिरलो की मी आधी भिंत आणि फरशी जिथं मिळतात तिथं बघतो. माणसं नंतर. धंद्याची खोड आहे, लग्नाला गेलो तरी जात नाही. तर मी बघितलं, आणि दादाची पाठ भिंतीला टेकलेली नव्हती.

ढगळ शर्ट त्यानं मुद्दाम बाहेर सोडला होता, वर खांद्यावरून दुसरा टॉवेल घेतला होता. समोरून बघणाऱ्याला पाठ टेकलेलीच वाटली असती. पण मी बाजूनं आलो होतो. त्याच्या बैठकीत आणि भिंतीत दोन बोटं अंतर होतं. बाईंनी टाच कुठं आहे ते टेपेवर बघितलं, "ओढा," म्हणाल्या आणि दुसऱ्या खाटेवरच्या म्हाताऱ्याकडे वळल्या. दादानं टॉवेल ओढला. ओढताना तो सगळाच्या सगळा मागे सरकला, भिंतीला टेकला, आणि टाच त्याच्याबरोबर आली. गुडघा वाकला होता तेवढाच वाकला. टेपेवर मात्र दोन बोटं जास्त.

"अठरा!" बाई म्हणाल्या. "वा, काका! आज हात लावत नाही तुम्हाला."

दादानं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. त्यानंच शिकवलेली गोष्ट मी ओळखणार नाही असं त्याला वाटलं असेल, हे शक्य नाही. त्याच्या डोळ्यांत जे होतं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. तो माझ्याकडे मागत होता. आयुष्यभर मला देत आलेला माणूस, आणि मागितलं काय, तर मी गप्प बसावं एवढंच.

मी गप्प बसलो.

मला दया आली हे खरं आहे. त्याचे खांदे थरथरताना पुन्हा धरायची माझी हिंमत नव्हती, हेही खरं. आणि तिसरं खरं असं, की आकडा वाढला म्हणजे हॉल मिळणार होता. तिन्ही एकमेकांत इतकी कालवली गेली आहेत की कुठलं किती हे मला आता वेगळं काढता येत नाही. बरेचदा वाटतं, तिसरंच जास्त होतं.

स्कूटरवर मी एवढंच म्हटलं, "दादा, दोन बोटं."

मागून आवाज आला. "घरी भरून काढतो. नुसत्या त्यांच्या हातातून सुटायचं आहे मला. घरी जास्त वेळा करीन."

आणि त्यानं केलं. वहिनीनं पाच सांगितले की तो दहा वेळा ओढायचा. पण स्वतःचा हात स्वतःवर किती दया करतो ते ज्याचं त्याला ठाऊक. दुखायला लागलं की हात थांबतो. बाईंचे हात थांबत नव्हते, म्हणून तर ते औषध होतं.

दोन बोटांची तीन झाली, तिनाची चार. टाच वीस, बावीस. नवव्या आठवड्यात कार्डावर पंचवीस लागले. बाईंनी ते लाल पेनानं लिहिलं, बाकावरच्या लोकांना दाखवलं, "बघा, हे काका बघा," म्हणाल्या. एका पोरीनं टाळ्या वाजवल्या. दादा मान खाली घालून बूट घालत होता. बूट घालायला त्याला फार वेळ लागला.

त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट त्या दिवशी आम्हाला कळलीच नाही. पंचवीस आले म्हणून बाईंनी व्यायाम बदलले. "आता वाकवणं पुरे, वाकतोय चांगला. आता ताकद." वाळूची वजनं, सायकल, पायरीवर चढउतार. उरलेले तीन आठवडे, ज्यांत ते आतले पापुद्रे शेवटचे ताणले जायचे, ते आम्ही वाळू उचलण्यात घालवले. सायकलचं पायडल डावीकडे पूर्ण फिरायचं नाही. दादा कंबर उचलून फिरवायचा. मला वाटायचं, बाईंनी बघावं. मला वाटायचं, बाईंनी बघू नये. बाई दुसरीकडे असायच्या.

दरम्यान दादानं कार्ड ठेकेदाराला दाखवलं. लाल पंचवीस. ठेकेदारानं हॉलची किल्ली दिली.

हॉल चालू केला तो दिवस बाराव्या आठवड्याच्या आधीचा. बाईंना सांगितलं नव्हतं, वहिनीला "नुसता बघायला जातो" म्हणून सांगितलं होतं. मी आदल्या दिवशी सगळी तयारी केली होती. दोऱ्या ताणल्या, लेव्हल बघितली, माल कालवला. मी म्हटलं, "तू खुर्चीत बसून सांग, मी बसवतो." तो म्हणाला, "पहिली फरशी मी ठेवणार." दाराशी पहिली फरशी मिस्तरीच ठेवतो, तिच्यावरून हॉलभरची ओळ जाते, यात खोटं काही नव्हतं. त्यानं त्या जुन्या गाद्या मागितल्या. मी थर्मास खाली ठेवला आणि दोन्ही गाद्या त्याच्या गुडघ्यांना बांधल्या. बांधताना तो खाली बघत होता आणि मी गाद्यांच्या पट्ट्यांकडे.

उजवा गुडघा त्यानं टेकला. मग डावा. डावा जमिनीपर्यंत पोचला, त्यावर वजनही राहिलं. पण फरशी ठेवायला पुढं जाऊन मग मागं टाचांवर बसावं लागतं. हात मोकळे होतात ते तिथं. दादा मागं बसायला गेला आणि मधेच अडकला. त्यानं खाली बघितलं, जणू पायाखाली काही आलंय. मग त्यानं तेच केलं जे तो न बसणाऱ्या फरशीला करायचा. वरून वजन टाकलं.

आवाज झाला. या वेळी मला कळलं की फरशी नव्हे.

तो कुशीवर पडला, अर्धा जमिनीवर, अर्धा ओल्या मालात. मी त्याच्या काखेत हात घालून त्याला उचलला तेव्हा त्याच्या गालाला सिमेंट लागलेलं होतं आणि तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "माल वाया गेला. माल वाया गेला रे."

तार तुटली नव्हती. मोठ्या दवाखान्यात फोटो काढला, आत काही फाटलं होतं, आठ दिवस बर्फ आणि विश्रांती सांगितली आणि पुन्हा बाईंकडे धाडलं. ठेकेदारानं हॉल दुसऱ्या जोडीला दिला. मी त्याला दोष देत नाही. तो थांबतो म्हणाला होता तेवढा थांबला.

बाईंनी कोनमापक काढलं. एकदा मोजलं, पुसून पुन्हा मोजलं. एकाहत्तर.

त्यांनी कार्ड उघडलं. लाल पंचवीस बघितले. मग ओट्यावरची टेप हातानं चाचपली, उखडून सरकली आहे का म्हणून. कार्डाची पानं मागं पुढं केली. खोलीत तेव्हा माणसं कमी होती. त्या स्टुलावर बसल्या आणि त्यांचा आवाज अगदी लहान झाला.

"काका, हे माझ्याकडून झालंय. मी रोज कोन मोजायला हवा होता. टेपेवर भरवसा ठेवला. मी चुकीचं मोजलं आणि तुमचे शेवटचे आठवडे घालवले." त्यांचे डोळे भरून आले होते. "मला माफ करा."

मी आयुष्यात पुष्कळ वेळा गप्प बसलोय, पण तेवढं जड गप्प बसणं कधी वाट्याला आलं नव्हतं. बोललो तर दादाची अब्रू जाते, आणि माझी. नाही बोललो तर ही पोर आपल्या डोक्यावर दुसऱ्याचं ओझं घेऊन उद्यापासून रोग्यांना हात लावणार. मी तोंड उघडलं होतं. काय बोलणार होतो ते मला माहीत नाही.

दादा उठला. काठी टेकत ओट्यापर्यंत गेला आणि पाय लांब करून बसला, बसायचा तसाच. शर्ट बाहेर, टॉवेल खांद्यावर.

"धाकट्या, माझ्या पाठीमागे हात घाल."

मी घातला. माझी चार बोटं त्याच्या आणि भिंतीच्या मधे बरोबर बसली.

"बाईंना दाखव."

बाई आल्या, वाकून बघितलं. मी हात काढला नाही. दादानं टॉवेल ओढला, मागं सरकला, आणि माझी बोटं त्याच्या पाठीत आणि भिंतीत चेंगरली. टाच पंचविसावर होती.

"आता हे बघा," तो म्हणाला. मी हात काढला. तो भिंतीला पाठ घासत पूर्ण टेकून बसला, पाय लांब केला आणि पुन्हा ओढला. चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा फुगल्या. टाच सतरावर येऊन थांबली.

"तुम्ही बरोबर मोजत होता," दादा म्हणाला. "मी वाकडा बसत होतो."

"किती दिवस?" बाईंनी विचारलं.

त्यानं उत्तर द्यायच्या आधी मी दिलं. "पाच आठवडे. मला माहीत होतं."

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या बघत राहिल्या, आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे. मग त्यांनी कार्डावरचे लाल आकडे खोडले, सतरा लिहिलं, आणि म्हणाल्या, "पालथे झोपा." मी खांदे धरले. त्या दिवशी दादा ओरडला. बाहेरच्या बाकापर्यंत आवाज गेला असेल. त्यानंतर पाच महिने आम्ही रोज गेलो. गुडघा अठ्ठ्याऐंशीपर्यंत आला आणि तिथं घट्ट झाला. जिना चढता येतो, खुर्चीत बसता येतं, बस पकडता येते. जमिनीवर बसता येत नाही. गार हवेत रात्रंदिवस ठणकतो. बाई म्हणाल्या, इथून पुढं आहे ते टिकवायचं. वहिनी अजूनही समोर बसून मोजते.

आता फरशी मी बसवतो. दादा माझ्याबरोबर येतो. दारात प्लॅस्टिकचं स्टूल टाकून, डावा पाय लांब करून बसतो, दोरीचं एक टोक त्याच्या हातात असतं. शिव्या पूर्वीसारख्याच देतो. नव्या फरशीवर पाय देता येत नाही, म्हणून ओळी लागत गेल्या की मी त्याच्यापासून लांब लांब जातो, आणि समोरच्या भिंतीशी पोचतो तेव्हा तिथलं त्याला काही दिसत नाही.

गेल्या महिन्यात एका मोठ्या खोलीत मी असाच भिंतीशी गुडघ्यांवर होतो. ओळ माझ्याकडून तिरकी गेली होती. एका कोपऱ्यात जागाच उरली नव्हती, दुसऱ्यात चार बोटं. तुकडे कापून बसवले असते, वर पलंग येणार होता. माझेही गुडघे हल्ली दुखतात. मी गाद्या बांधतो, तरी दुखतात.

"भिंतीपाशी किती आलं?" दादानं दारातून विचारलं.

मी कटर हातात घेतला होता. तो खाली ठेवला.

"चार बोटं, दादा."

दोरी त्यानं हळूहळू हाताला गुंडाळली.

"माल ओला आहे ना अजून?"

"आहे."

"मग काढ सगळी."

मी वळलो आणि शेवटच्या फरशीखाली थापी घातली.